सहा वर्षांपूर्वीचं वॉशिंग मशीन आणि माझा सिबिल स्कोअर

१७ जानेवारी २०२५, शुक्रवार. अर्ध्या दिवसाची रजा टाकून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका बँकेत गृहकर्जाची फाइल घेऊन बसले होते. फुलेवाडी रिंग रोडला एक जुना वन बीएचके बघितला होता. २४ लाखांना ठरला होता आणि मालकांना ५१ हजारांचा विसारही देऊन झाला होता. कर्ज हवं होतं १८ लाख. साहेबांनी माझा पॅन नंबर टाकला, थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, सिबिल स्कोअर जरा कमी येतोय. ६४८. आमच्याकडं साडेसहाशेच्या खाली फाइल वरती पाठवत नाहीत."

"पण कमी कशामुळं?"

"ते तुम्ही तुमचा रिपोर्ट काढूनच बघा. बारीक वाचा."

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्स बघते, १६ वर्षं झाली. पार्टीच्या लेजरला १३ रुपयांचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही. आणि माझ्या स्वतःच्या नावाचं लेजर कुठंतरी लिहिलं जातंय, आणि मी ते आयुष्यात एकदाही उघडलेलं नाही, हे त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. पैशाचं टेन्शन नंतर आलं, आधी लाजच वाटली.

बाहेर आल्यावर कर्जाची फाइल फिरवणाऱ्या एजंटाला फोन लावला. तो म्हणाला, "काय काळजी करू नका, दुसरीकडं करून देतो, अर्धा टक्का जादा पडंल फक्त." केएमटीच्या बसची वाट बघत मोबाइलवर हिशेब केला. १८ लाख, २० वर्षं, साडेनऊऐवजी नऊ टक्के धरले तर महिन्याला जवळपास ५८० रुपयांचा फरक. २४० हप्त्यांचे झाले १ लाख ४० हजार. "फक्त" म्हणे! एजंटाला म्हटलं, थांबा, मी आधी बघते काय भानगड आहे ती.

शनिवारी रात्री मुलं झोपल्यावर लॅपटॉप घेऊन बसले. पहिली गोष्ट कळली ती ही, की आपण सगळे ज्याला "सिबिल" म्हणतो ते एका कंपनीचं नाव आहे. २००० साली सुरू झालेली, आता ट्रान्सयुनियन सिबिल. झेरॉक्सचं झालं तसंच तिचंही झालं, नावच कामाला चिकटलं. पण रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या अशा कंपन्या चार आहेत. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांच्यासाठी २००५ चा वेगळा कायदा आहे. बँका आणि फायनान्स कंपन्या आपल्या कर्जांची माहिती या चौघांना पाठवतात. पूर्वी ती महिन्यातून एकदा जायची, १ जानेवारी २०२५ पासून पंधरवड्याला जायला लागली, १५ तारखेची आणि महिनाअखेरची. त्यावरून आपण कर्ज किती नीट फेडतो याचा जो आकडा काढतात तो स्कोअर, ३०० ते ९०० च्या मध्ये कुठंतरी असतो. ७५० च्या वर असला की बँकवाले चहा विचारतात.

दुसरी गोष्ट कामाची. या चौघांकडूनही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, अगदी स्कोअरसकट. रिझर्व्ह बँकेनं २०१७ पासून तो द्यायलाच लावलाय. आपला रिपोर्ट आपणच बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही. ही भीती माझ्या ऑफिसात निम्म्यांना होती, मलाही होती. फक्त फुकटाचा रस्ता धरताना डोळे उघडे ठेवायचे. माहिती भरली की मध्येच पैशाच्या प्लॅनचं पान समोर येतं, ठळक रंगाचं, आणि "नको, पुढं जा" ही ओळ कुठंतरी खाली बारीक अक्षरात असते. ती शोधायची. कुठंही कार्ड नंबर मागितला की आपण चुकीच्या पानावर आहोत असं समजायचं.

पॅन, जन्मतारीख, पिन कोड, मोबाइलवर ओटीपी. सिबिलचा रिपोर्ट दहा मिनिटांत उतरला. बाकीचे रविवारी काढले. दोन सरळ मिळाले. तिसऱ्या ठिकाणी ओटीपी वडिलांच्या जुन्या नंबरवर जायला लागला, कारण लग्नाआधीच्या खात्याला तोच नंबर होता आणि तो बंद होऊन जमाना झाला. तिथं ईमेलवर पॅन आणि आधारची प्रत पाठवावी लागली, रिपोर्ट यायला सहा दिवस गेले. चारही ठिकाणचे स्कोअर वेगवेगळे निघाले. सगळ्यात कमी ६४८, सगळ्यात जास्त ६९०. आधी मला वाटलं, काहीतरी गडबड आहे. गडबड काही नसते. प्रत्येकाचं गणित वेगळं आणि प्रत्येकाकडं पोचलेली माहितीही थोडी वेगळी.

रिपोर्ट प्रिंट काढूनच वाचा, हे माझं स्पष्ट मत. स्क्रीनवर डोळा स्कोअरच्या आकड्यावरच जातो, आणि रिपोर्टातली सगळ्यात निरुपयोगी गोष्ट तीच आहे. मी सोमवारी सकाळी कामावर लवकर जाऊन २२ पानं छापली, पेन्सिल आणि फूटपट्टी घेतली आणि पार्टी लेजरसारखी एकेक ओळ खाली सरकत गेले.

पहिल्या पानांवर नाव, पत्ते, फोन. पत्ते पाच होते. त्यातला एक शिवाजी पेठेतल्या माहेरचा, एक आताचा मंगळवार पेठेतला, आणि एकात पेठेचं नाव असं काही लिहिलं होतं की मलाच ओळखू आलं नाही. यानं स्कोअर बदलत नाही, पण अनोळखी गावाचा पत्ता दिसला तर सावध व्हायचं, दुसऱ्या कुणाचं कर्ज आपल्या नावात मिसळलेलं असू शकतं. माझं तसं काही नव्हतं.

शेवटच्या पानावर "एन्क्वायरी". म्हणजे कोणत्या बँकेनं कधी आणि कशासाठी आपला रिपोर्ट मागवला. डिसेंबरच्या दोन आठवड्यांत सहा नोंदी, सगळ्या गृहकर्जाच्या. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एजंटानं माझे कागद एकाच वेळी सहा दारांत टाकले होते, "जिथं आधी होईल तिथं घेऊ" म्हणून. बघणाऱ्याला वाटणार, ही बाई कर्जासाठी दारोदार फिरतीय. आपण स्वतः बघितलेलं मोजत नाहीत, पण कर्जाचा अर्ज आला म्हणून बँकेनं बघितलेलं मोजतात. एजंटाला कागद देताना कुठंकुठं टाकणार ते आधी विचारा. मी विचारलं नव्हतं.

आणि एक ओळ मी शोधत राहिले, ती सापडलीच नाही. आमच्या पेठेतल्या पतसंस्थेतून २०१६ ला घेतलेलं कर्ज. तीन वर्षं दर महिन्याला, पावसात भिजत जाऊन, एकही हप्ता न चुकवता फेडलं होतं. त्याचा या २२ पानांत मागमूस नाही. भिशीचं तर सोडाच. आयुष्यात पैशाच्या बाबतीत मी जे सगळ्यात नीट केलं ते कुणी लिहूनच ठेवलेलं नव्हतं.

जे लिहून ठेवलं होतं ते सात आणि आठ नंबरच्या पानावर होतं.

पान सात. "कंझ्युमर लोन". सुरू नोव्हेंबर २०१८. रक्कम १८,९००. स्थिती, रिटन ऑफ. म्हणजे कर्ज देणाऱ्यानं हे पैसे बुडाले असं लिहून टाकलंय. थकीत रक्कम १,८९० रुपये.

हे आमचं वॉशिंग मशीन. २०१८ च्या दिवाळीत लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून बिनव्याजी १० हप्त्यांवर घेतलेलं. नऊ हप्ते खात्यातून वेळच्या वेळी गेले. दहावा होता ५ ऑगस्ट २०१९ चा. कोल्हापूरकरांना ती तारीख वेगळी सांगायला नको. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं होतं, रस्ता कित्येक दिवस बंद, फाउंड्री बंद, पगार लांबला. खात्यात पैसे नव्हते, हप्ता बाउन्स झाला. पाणी उतरल्यावर २६ ऑगस्टला मी स्वतः त्या फायनान्स कंपनीच्या शाखेत जाऊन रोख २,३४० रुपये भरले होते, हप्ता १,८९० आणि दंड ४५०. पावती घेतली होती. "झालं का आता सगळं?" विचारलं होतं. "झालं मॅडम" म्हणाले होते. एनओसी मागायची असते हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. हिशेब लिहिणाऱ्या बाईनं कर्जमुक्तीचा कागद न घेता काउंटर सोडला, हे इथं लिहायला मला आवडत नाहीय, पण खरं ते खरं.

पान आठ. "ट्रॅक्टर लोन". मी एकदम दचकले, आमच्याकडं साधी गाडीसुद्धा नाही. मग पुढचा शब्द दिसला, "गॅरेंटर". माझे चुलत दीर शिरोळ तालुक्यात शेती करतात. २०२० ला त्यांनी ट्रॅक्टर घेतला तेव्हा पगारदार जामीन लागत होता, आणि घरात पगाराची स्लिप माझी एकटीची. सही केली आणि विसरून गेले. आमच्यात जामीन राहणं म्हणजे हळदीकुंकवाला जाण्यासारखंच असतं, नाही म्हणता येत नाही आणि नंतर आठवतही नाही.

प्रत्येक कर्जाखाली ३६ महिन्यांचे छोटे चौकोन असतात. त्यात त्या त्या महिन्याला हप्ता किती दिवस उशिरा होता तो आकडा. याला डीपीडी म्हणतात. तीन शून्यं म्हणजे वेळेवर. तीन फुल्या असतील तर त्या महिन्याची माहितीच आलेली नाही, घाबरायचं कारण नाही. ट्रॅक्टरच्या रांगेत सगळी शून्यं होती, तीन चौकोन सोडून. डिसेंबर २०२३, २६. जानेवारी २०२४, ५७. फेब्रुवारी, ८६. मार्चला परत शून्य.

मी ते उलटं मोजलं. सहामाही हप्ता, तारीख ५ डिसेंबर. त्या वर्षी ऊसदराच्या आंदोलनात गळीत हंगाम उशिरा सुरू झाला होता, कारखान्याचं बिल लांबलं असणार. म्हणजे त्यांनी मार्चच्या पहिल्या एक-दोन तारखेला भरला असणार. ९० दिवस उलटले असते तर खातं एनपीए, म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या लेखी बुडीत, व्हायची भीती होती. दोन दिवसांनी वाचलो, तेही आपण बुडता बुडता वाचलो हे माहीत नसताना.

त्या दिवशी पेन्सिलीनं दोन पानांच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहिले. सातवर "खोटं", आठवर "खरं". पुढच्या तीन महिन्यांत मी जे काही शिकले ते सगळं या दोन शब्दांतच होतं. खोटी नोंद दुरुस्त करता येते. खऱ्या नोंदीचं काहीही करता येत नाही.

पावतीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जात नाही. घरी एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे, त्यात सगळ्या जुन्या पावत्या. संध्याकाळी उघडला. २०१९ च्या पाकिटात ती पावती होती, आणि ती कोरी होती. पूर्ण पांढरी. एटीएममधून येतो तसल्या थर्मल कागदाची पावती साडेपाच वर्षांत पुसून गेली होती. दिव्यासमोर तिरकी धरली तर कंपनीच्या शिक्क्याची जांभळी कड तेवढी दिसत होती. माझं अवसानच गळालं. मग पाकीट झटकलं तर मागून एक घडी पडली. तिची झेरॉक्स. तारीख, पावती क्रमांक, लोन क्रमांक, २,३४०, सगळं स्वच्छ. ऑफिसात टोलच्या पावत्या पुसल्या जातात म्हणून आम्ही झेरॉक्स काढून टाचतो, ती सवय हाताला होती म्हणून. ती एक रुपयाची झेरॉक्स नसती तर ही गोष्ट इथंच संपली असती. बँकेचं स्टेटमेंटही उपयोगी पडलं नसतं, कारण मी रोख भरले होते. रोख भरू नका.

२० जानेवारीला, सोमवारी रात्री, दोन कामं केली आणि दोन्ही एकाच दिवशी करावीत असं सांगेन. एक, सिबिलच्या साइटवर लॉगिन करून त्या खात्यावर "डिस्प्युट" टाकला. फुकट आहे. रिपोर्टवर एक कंट्रोल नंबर असतो तो लागतो, आणि तक्रार गेली की आपल्याला एक डिस्प्युट आयडी मिळतो, तो लिहून ठेवायचा. दोन, त्या फायनान्स कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल, सोबत पावतीची झेरॉक्स, रिपोर्टचं पान सात आणि पॅन. कागदांचा एक संच स्पीड पोस्टनंही पाठवला. दोन्हीकडं का? कारण सिबिल स्वतःच्या अधिकारात नोंद बदलू शकत नाही. ते कर्ज देणाऱ्याला विचारतात, तो "होय, चूक आहे" म्हणाला की मगच बदलतात. किल्ली कर्ज देणाऱ्याकडंच असते. बाकीच्या तिघांपैकी दोघांकडंही हीच नोंद होती, तिथंही तक्रार टाकली. चौथ्याकडं वॉशिंग मशीन पोचलंच नव्हतं. ६९० तिथलाच.

चौथ्या दिवशी कंपनीचा फोन. गोड आवाजाची मुलगी.

"मॅडम, तुमची फक्त अठराशे नव्वद रुपये थकबाकी दाखवतेय. अकराशेमध्ये सेटलमेंट करून देऊ का? आजच क्लिअर होईल."

खरं सांगते, क्षणभर वाटलं, देऊन टाकू अकराशे आणि सुटू. विसाराच्या कागदावर ३१ मार्चची मुदत होती. पण आदल्या रात्रीच वाचलं होतं की सेटलमेंट केली की खात्यावर "सेटल्ड" असा शब्द बसतो. त्याचा अर्थ, पूर्ण फेडलं नाही, घासाघीस करून मिटवलं. बँकेच्या नजरेत तोही डागच. आपल्याला "क्लोज्ड" हवं असतं. मी म्हटलं, "ताई, मी २०१९ ला पूर्ण भरलेत. मला सवलत नको, नोंद दुरुस्त करून हवीय. आणि एनओसी." ती म्हणाली, वरिष्ठांना सांगते. मग दोन आठवडे कुणी काही बोललं नाही.

याच दिवसांत ऑफिसातल्या एकानं नंबर दिला, "हा सिबिल वाढवून देतो, पाच हजार घेतो." फोन केला. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो ओटीपीचा. फोन ठेवला. तो पैसे घेऊन करणार तरी काय होता? मी फुकट टाकला तोच डिस्प्युट, तोही माझ्याच लॉगिनमधून.

दिरांना फोन करायचं मी आठवडाभर टाळलं. मिस्टर म्हणाले, तूच बोल, मी बोललो तर भांडण होईल. शेवटी रविवारी लावला.

"आवं वहिनी, हप्ता तर भरलाय की! पावती हाय माझ्याकडं."

"भरलाय भावजी, पण तीन महिने उशिरा."

"बिलच आलं नव्हतं कारखान्याचं. पण त्याचा तुमच्या घराशी काय संबंध?"

हे समजावायला वीस मिनिटं लागली. जामीन म्हणजे नुसती सही नाही, ते कर्ज माझ्याही खात्याला लागलंय, उशीर तुमचा आणि आकडा माझ्या पानावर. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आदी सांगितलं असतं तर सोसायटीतनं उचलून भरला असता." मला तरी आधी कुठं माहीत होतं? दोघांनाही राग आला होता आणि दोघांनाही तो काढायला माणूस सापडत नव्हतं. जामीनपत्रावरनं नाव काढून घेता येतं का हेही विचारून बघितलं. त्यांनी दुसरा जामीन दिला आणि कर्ज देणाऱ्यानं मान्य केलं तरच. आमच्याकडं असला विषय काढायला कोण धजावतंय.

डिस्प्युटची स्थिती रोज बघायचे. "पेंडिंग विथ लेंडर", म्हणजे कर्ज देणाऱ्याकडं अडकलेलं. या काळात रिपोर्टमध्ये त्या खात्यासमोर "वादग्रस्त" अशा अर्थाची खूण येते, पण स्कोअर तसाच राहतो. ७ फेब्रुवारीला रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे बँकांना ती ज्या दरानं पैसे देते तो, पाव टक्क्यानं उतरवला, ६.५० चा ६.२५ झाला. ऑफिसात सगळे म्हणाले, बघ, तुझा फायदाच झाला थांबल्याचा. मी म्हटलं, आधी कर्ज तर मिळू दे.

इथं एक नियम सांगायलाच हवा, कारण मला तो कुणी सांगितला नाही, शोधावा लागला. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे अशी तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली पाहिजे. त्यातले पहिले २१ दिवस कर्ज देणाऱ्याला. ३० च्या पुढं प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला, आणि उशीर ज्याचा त्यानं द्यायची. एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

माझे ३० दिवस भरले १९ फेब्रुवारीला. शिवजयंती. पेठेत सकाळपासून ढोल-ताशा, शिवज्योती घेऊन पोरं पळत येतायत, धाकटा फेटा बांधून द्या म्हणून मागं लागलेला, आणि मी एका हातानं फेट्याचं टोक धरून दुसऱ्या हातानं मोबाइलवर "पेंडिंग" बघतेय. २० तारखेला त्या कंपनीच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या वरच्या अधिकाऱ्याला, ईमेल केला. पत्ता त्यांच्याच साइटवर तळाशी होता. चार ओळी. तक्रारीची तारीख, डिस्प्युट आयडी, ३० दिवस उलटल्याचं, आणि परिपत्रकाप्रमाणे रोजची १०० रुपये भरपाई आजपासून सुरू झाल्याचं. खाली एक वाक्य, की आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाणार. तिथली तक्रार ऑनलाइन करता येते, वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत, फक्त आधी संबंधित संस्थेकडं तक्रार करून ३० दिवस वाट बघितलेली असावी लागते. शंका असली तर १४४४८ हा नंबर आहे. मी तो अर्ज भरून तयारही ठेवला होता.

लागला नाही. २७ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत मेसेज आला. डिस्प्युट निकाली. लॉगिन केलं. रिटन ऑफच्या जागी "क्लोज्ड", थकीत शून्य. त्याच संध्याकाळी ईमेलनं एनओसी. माफीची एक ओळ होती, "तांत्रिक कारणामुळं". ५ मार्चला खात्यात ८०० रुपये जमा झाले, ८ दिवसांचे, न मागता. मी ते पासबुकात तीनदा बघितलं. बाकीच्या दोन ठिकाणची नोंद बदलायला मार्चचा मधला पंधरवडा उजाडला.

माझा एकूण खर्च म्हणाल तर झेरॉक्स आणि स्पीड पोस्ट धरून शंभराच्या आत. रजा दोन अर्धे दिवस. झोप किती गेली ते वेगळं.

२१ मार्चला परत त्याच बँकेत, त्याच साहेबांसमोर. त्यांनी पॅन टाकला आणि या वेळी मॉनिटर माझ्याकडं वळवला. ७२४. "बरंच सुधारलंय की!" म्हणाले. मग खाली गेले आणि विचारलं, "हे ट्रॅक्टरचं काय?" मी पान आठची प्रत, दिरांनी पाठवलेली हप्त्याची पावती आणि पुढचे सगळे हप्ते वेळेवर असल्याची रांग समोर ठेवली. त्यांनी ते फाइलला लावलं. फाइल वर गेली. मार्चअखेरच्या गडबडीत तिथंच अडकली, पाडवाही गेला. विसाराची मुदत संपली, पण मालक भले गृहस्थ, म्हणाले, "पंधरा दिवस थांबतो, तुम्ही काय पळून जाणार हाय का?" ११ एप्रिलला मंजुरीपत्र हातात आलं. ७५० च्या वरच्यांना जो दर मिळतो त्यापेक्षा ०.१५ टक्के जास्त. तो ०.१५ ट्रॅक्टरचा. फेब्रुवारी २०२४ चा चौकोन ३६ महिन्यांच्या रांगेतून बाहेर पडायला २०२७ उजाडणार.

आता मी चारही रिपोर्ट एकदम काढत नाही. वर्षाला प्रत्येकाचा एक फुकट आहे, म्हणून पुढच्या वर्षीपासून जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असे एकेक वाटून घेतलेत, ऑफिसातल्या कॅलेंडरवर जीएसटीच्या तारखांशेजारी लाल पेनानं लिहिलेत. मिस्टरांचाही काढला. त्यांच्या नावावर काहीच नाही, स्कोअरच्या जागी "इतिहास नाही". ते दिवसभर अभिमानानं सांगत फिरत होते.

५ जूनला सकाळी साडेनऊला दिरांचा व्हॉट्सॲप आला. मी काही विचारलेलं नव्हतं. शाखेच्या पायरीवर उभं राहून काढलेला हप्त्याच्या पावतीचा फोटो, मागं पावसानं भिजलेला ट्रॅक्टर. पावती थर्मल कागदाची दिसत होती.

मी लिहिलं, "भावजी, तिची झेरॉक्स काढा."